ऑस्कर कुणाचा?

मंडळी, या वेळचा विषय वाचून माझ्या जुन्या विद्यार्थिनी हसतील. बाईंनी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, मैदानावर गेल्या त्या फार तर खो-खोच्या मुलींना पाणी द्यायला, आणि आता लिहितायत बास्केटबॉलवर! पण काय करणार, शेजारच असा मिळालाय.

लेकीचं घर न्यू ऑल्बनीला आहे. हे गाव इंडियाना राज्याच्या दक्षिण टोकाला, ओहायो नदीच्या काठावर. पूल ओलांडला की लुइव्हिल, म्हणजे केंटकी राज्य. लेक रोज एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नोकरीला जाते. आपण गडहिंग्लजहून संकेश्वरला जावं तसंच. शेजारचे आजोबा जन्मभर इंडियानाचे आणि आजी माहेरच्या केंटकीच्या. पन्नासच्या वर वर्षं सुखाचा संसार झालाय, फक्त बास्केटबॉलचा विषय निघाला की दोघं दोन काठांवर जाऊन उभे राहतात. या दोन राज्यांत शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या निवडक मुलांचे सामने १९४० पासून होत आलेत. प्रत्येक राज्य आपल्या सर्वांत चांगल्या मुलाला 'मिस्टर बास्केटबॉल' म्हणतं आणि त्याला १ नंबरचा शर्ट देतं. जून महिन्यात हे सामने आले की शेजारी कडाक्याचा वाद. सर्वांत थोर खेळाडू कुणी दिले, तुम्ही की आम्ही?

माझं इंग्रजी बेताचं, त्यात आजींचे केंटकीचे हेल. नातू मध्ये बसून दुभाष्याचं काम करतो. तोही लबाड आहे, आजोबांचे मुद्दे जरा तिखटमीठ लावून सांगतो.

आजोबांचा हुकमाचा एक्का लॅरी बर्ड. फ्रेंच लिक नावाच्या लहानशा गावातला गरीब घरचा मुलगा. १९७४ साली इंडियाना विद्यापीठात गेला, पण ते अफाट आवार पाहून बुजला आणि महिन्याच्या आत घरी परतला. मग गावाच्या नोकरीत कचऱ्याची गाडी चालवली, रस्त्यांची कामं केली. पुढे इंडियाना स्टेटमधून खेळला आणि बोस्टनला तीन अजिंक्यपदं मिळवून दिली, १९८१, ८४ आणि ८६ ला. लागोपाठ तीन वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. गंमत म्हणजे शाळेत असताना त्याला 'मिस्टर बास्केटबॉल' हा मान मिळाला नव्हता! हे आजी हमखास ऐकवतात.

आजींची यादी लांब आहे. न्यूपोर्टचा डेव्ह कावेन्स, ओवेन्सबरोचा क्लिफ हेगन, लुइव्हिलचे डॅरेल ग्रिफिथ आणि राजॉन राँडो. पण सगळ्यांत वर वेस अनसेल्ड, तोही लुइव्हिलचा. उंची ६ फूट ७ इंच, म्हणजे त्याच्या जागेच्या मानाने बुटकाच, पण अंगाने आडवा, भिंतीसारखा. रिबाउंड घेऊन पाय जमिनीला टेकायच्या आत चेंडू अर्ध्या मैदानापलीकडे फेकायचा म्हणे. १९६९ मध्ये पहिल्याच हंगामात तो सर्वोत्तम नवखा खेळाडूही ठरला आणि सर्वोत्तम खेळाडूही. हे त्याच्या आधी फक्त विल्ट चेंबरलेनने केलं होतं. १९७८ ला त्याच्या संघाने अजिंक्यपद मिळवलं. मला मात्र त्याची वेगळीच गोष्ट आवडली. त्याने आणि त्याच्या शिक्षिका बायकोने १९७९ मध्ये बाल्टिमोरला शाळा काढली, आणि खेळ सोडल्यावर हा एवढा मोठा माणूस त्या शाळेच्या ऑफिसात काम करायचा.

आता ऑस्कर रॉबर्टसन. आजोबा त्याचं नाव बर्डनंतर घेत, आणि घेतलं की आजी लगेच आडव्या येत, "तो तुमचा कसा? जन्मला टेनेसीत!" हे खरं आहे. तो लहान असताना घरचे इंडियानापोलिसला आले. मला या वादाचं नवल वाटलं नाही. पंडित भीमसेन जोशी गदगला जन्मले आणि पुण्यात राहिले. ते कुणाचे, यावर आमच्या शिक्षकांच्या खोलीत चहा गार व्हायचा. जन्माची माती मोठी की जिथे माणूस घडला ती? मी घडण्याच्या बाजूची आहे. शिक्षिका ना!

म्हणूनच मला वाटलं, ऑस्करला कुठल्या शाळेने घडवलं ते तरी पाहावं. नातवाने ग्रंथालयातून ऑस्करचं २००३ चं आत्मचरित्र 'द बिग ओ' आणून दिलं. शब्दकोश शेजारी घेऊन सावकाश वाचलं.

शाळेचं नाव क्रिस्पस ॲटक्स. १७७० मध्ये बोस्टनला ब्रिटिशांच्या गोळीबारात मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीय माणसाचं नाव. १९२७ मध्ये ही शाळा उघडली ती शहरातल्या कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या हायस्कुलांतून बाजूला काढण्यासाठी. त्या काळी इंडियानात कू क्लक्स क्लानचं भारी वजन होतं. म्हणजे शाळेचा हेतूच वाईट. पण झालं काय, की उच्च पदव्या घेतलेल्या कृष्णवर्णीय विद्वानांना कॉलेजांत नोकऱ्या मिळत नव्हत्या, ते या शाळेत शिकवायला आले. एका हायस्कुलात पीएच.डी. झालेले शिक्षक! हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. शाळेची खेळाची जागा इतकी लहान की 'घरचे' सामनेही बाहेरच खेळावे लागत. ज्या राज्यात शाळांच्या जिममध्ये हजारो प्रेक्षक बसतात, त्या राज्यातली ही गोष्ट.

१९५४ मध्ये मायलन नावाच्या खेडेगावातली १६१ मुलांची शाळा राज्याची विजेती झाली. त्यावरून १९८६ साली 'हूझियर्स' हा सिनेमा निघाला. वाटेत मायलनने ॲटक्सलाही हरवलं होतं, ऑस्कर तेव्हा लहान वर्गात होता. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, ॲटक्स जिंकली. फक्त कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेने सगळ्यांसाठी खुली असलेली राज्य स्पर्धा जिंकण्याची अमेरिकेतली ती पहिली वेळ. विजेत्या संघाने अग्निशामक गाडीवर चढून शहराच्या मधोमध असलेल्या स्मारकाच्या चौकात यायचं आणि तिथे लोकांनी जल्लोष करायचा, अशी तिथली रीत. या मुलांची गाडी चौकाला एक फेरी मारून निघाली ती थेट कृष्णवर्णीय वस्तीतल्या बागेत. तिथे काय तो जल्लोष करा! अठरा वर्षंही पूर्ण न झालेला ऑस्कर ते समजून चुकला. मिरवणूक अर्धी सोडून तो घरी निघून गेला. पुढच्या वर्षी ॲटक्स पुन्हा जिंकली, एकही सामना न हरता. ऑस्कर 'मिस्टर बास्केटबॉल' झाला. त्याच जूनमध्ये केंटकीकडून केली कोलमन होता, ज्याने शाळेच्या राज्य स्पर्धेतल्या एका सामन्यात ६८ गुण केले होते. इंडियानाने केंटकीला हरवलं. त्या दिवसापुरता ऑस्कर पक्का इंडियानाचा झाला.

कॉलेजसाठी मात्र तो राज्य सोडून ओहायोत, सिनसिनाटीला गेला. पुढचं बहुतेकांना ठाऊक असेल. १९६० चं ऑलिंपिक सुवर्ण, मग १९६१-६२ च्या हंगामात दर सामन्याला सरासरी ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट. या तिन्हींत दोन आकडी सरासरी पुन्हा कुणाला जमायला २०१७ उजाडलं. १९७१ ला मिलवॉकीकडून अजिंक्यपद. आणि १९७० मध्ये खेळाडूंच्या वतीने लीगवर लावलेला, १९७६ मध्ये तडजोडीने मिटलेला तो खटला. आज खेळाडू करार संपल्यावर संघ बदलतात आणि कोट्यवधी डॉलर मिळवतात, त्याची वाट या खटल्याने मोकळी केली.

पुस्तक संपलं तेव्हा मी आजोबांना विचारलं, मिरवणुकीचं तुम्हाला ठाऊक होतं का? ते तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. मायलनचा शेवटचा सामना रेडिओवर ऐकल्याचं त्यांना आठवतं, कुठल्या खुर्चीवर बसून ऐकला तेही आठवतं. पुढच्या वर्षीचं काही आठवत नाही. "आमच्या घरी त्याबद्दल कुणी बोललंच नाही," एवढंच म्हणाले. नातवानेही या वेळी मीठ लावलं नाही.

आता आजी टोमणा मारणार, असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, आमच्याकडे तरी काय वेगळं होतं? अनसेल्ड १९६४ मध्ये शाळेतून बाहेर पडला, दोनदा राज्याचा विजेता होऊन. केंटकी विद्यापीठाच्या मुख्य संघात तोवर एकही कृष्णवर्णीय मुलगा खेळला नव्हता. पहिला उतरला तो १९७० मध्ये. अनसेल्ड लुइव्हिल विद्यापीठात गेला. आजींचे वडील केंटकी विद्यापीठाचे कट्टर भक्त. पोराने आपल्या विद्यापीठाकडे पाठ फिरवली म्हणून ते चिडले होते. का फिरवली असेल, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

२०१५ मध्ये, साठ वर्षांनी, १९५५ च्या त्या संघाला इंडियानापोलिसच्या मोठ्या वार्षिक मिरवणुकीत अग्रभागी मान दिला. सगळे उरले नव्हते. ऑस्कर आला होता, सत्तरी ओलांडलेला, म्हणजे माझ्या आताच्या वयाचा.

असो. त्या संध्याकाळी दोघांनी मला पंच नेमलं. म्हटलं, खेळाडू म्हणून ऑस्कर, बर्डपेक्षाही वरचा, पण शाळा काढणारा तुमचा अनसेल्ड आमच्या खात्यातला. आजी म्हणाल्या, म्हणजे केंटकी जिंकलं! आजोबा म्हणाले, ऑस्करला वर ठेवलंत म्हणजे इंडियाना जिंकलं. नातवाने दोन्ही वाक्यं भाषांतर करून सांगितली आणि स्वतःचं तिसरं जोडलं, की आजी, ऑस्कर टेनेसीचा आहे.