रंगाच्या आधी

रंगकाम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे स्प्रे गन येते. पण तीन-चार दिवस गाडी गॅरेजमध्ये असते, त्यात गन चालते ती फार तर काही तास. बाकी सारा वेळ धुणं, घासणं, पुसणं आणि झाकणं यांत जातो. बिलावर या कामाची वेगळी ओळ क्वचितच असते. चमक पाहून आपण पेंटरचं कौतुक करतो, आणि तीच चमक दोन पावसाळ्यांनी फुगून आली की रंगाच्या कंपनीला दोष देतो. माझं मत असं की रंगाचं आयुष्य डबा उघडण्याआधीच ठरून गेलेलं असतं.

जाणता कारागीर गाडी आत आली की आधी साबणाच्या पाण्याची बादली मागवतो, पॉलिश पेपरला नंतर हात घालतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. पत्र्यावर मेणाचं पॉलिश असतं, डांबराचे ठिपके असतात, धुराचा तेलकटपणा असतो, टायर आणि डॅशबोर्ड चमकवणाऱ्या फवाऱ्यांतलं सिलिकॉन असतं. त्यावर तसाच कागद फिरवला तर ही घाण जात नाही, ओरखड्यांत दाबून बसते. मग रंग पडला की त्या जागेवरून तो मागे सरतो आणि बारीक गोल खळगे उमटतात. त्यांना फिश आय म्हणतात. वरून आणखी रंग मारून ते सहसा बुजत नाहीत. सुकवा, घासा, पुन्हा पहिल्यापासून या.

पुसण्याचीही रीत आहे. एक फडकं ग्रीस रिमूव्हरने ओलं, दुसरं कोरडं. ओल्याने हातभर जागा पुसायची आणि ती सुकायच्या आत कोरड्याने टिपून घ्यायची. आपोआप सुकू दिली तर विरघळलेलं तेल जागच्या जागी परत बसतं. फडकं मळलं की बदलायचं. इथे चार फडक्यांची काटकसर करणारा मालक मला कळत नाही. पुसून झाल्यावर पत्र्यावर स्वच्छ पाणी सोडून पाहावं. पाणी अखंड पसरलं तर पत्रा स्वच्छ, जागोजाग तुटून थेंब झाले तर अजून तेल आहे. एवढी सोपी परीक्षा, पण घाईत ती कुणी घेत नाही.

घासण्याला कागदाचे नंबर असतात. लांबीला, म्हणजे खड्डे भरणाऱ्या पुट्टीला, आकार द्यायला ८०, मग १८०, मग ३२०, प्रायमरवर पुढे ६०० किंवा ८००. मधला टप्पा गाळला की ८० नंबरचे ओरखडे महिन्याभराने उन्हात वर दिसू लागतात. कारखान्यातून आलेल्या गाडीवरचे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. एवढ्याशा थराने काय झाकायचं? उलट चकाकी आली की उंचसखलपणा जास्तच उठून दिसतो. म्हणून कारागीर डोळ्यांपेक्षा तळव्यावर विश्वास ठेवतो. पातळ फडकं मध्ये धरून तो सपाट हात दारावरून लांबवर फिरवतो, कधी डोळे मिटूनही, आणि नेमक्या जागी थांबतो. आपल्याला तिथे काहीच दिसत नाही. त्याला खोलगटपणा लागलेला असतो. हे ज्ञान कागदावर उतरत नाही, वर्षानुवर्षांच्या धुळीतून येतं.

कोकणातल्या पावसाळ्यात तर जास्तच जपावं लागतं. लांबी पाणी शोषते. ती ओली घासून पुरती न सुकवता वर प्रायमर मारला, तर आतली ओल पुढे फोड होऊन बाहेर येते. उघडा पत्राही त्या हवेत पाहता पाहता तांबूस होतो, म्हणून उघडा केलेला पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे.

असं ओलं घासायला लागणारा, पाण्यात वापरता येणारा पॉलिश पेपर थ्रीएम कंपनीने १९२१च्या सुमारास आणला. त्याचे नमुने घेऊन कंपनीचा रिचर्ड ड्रू हा तरुण अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरातल्या गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजांमध्ये जात असे. तेव्हा दुरंगी गाड्यांची फॅशन होती. झाकायला चिकटवलेले कागद काढताना ताजा रंगच सोलून येई आणि पेंटर वैतागत. त्या वैतागातून ड्रूने १९२५ साली मास्किंग टेप तयार केली. पण ही टेपही स्वच्छ पत्र्यालाच नीट धरते. कडेला धूळ असली की रंग खाली झिरपतो आणि रेघ फाटते. म्हणून झाकण्याआधी कॉम्प्रेसरच्या हवेने दाराच्या फटी, बीडिंगच्या खाचा, बॉनेटच्या कडा फुंकून घ्यायच्या. तिथे उरलेली धूळ गनच्या हवेने बाहेर येते आणि ओल्या रंगावर बसते. हँडल आणि बीडिंग काढता येत असतील तर काढावीत. टेप लावून भागवणं हा दुसऱ्या नंबरचा उपाय.

हे सगळं काम बहुतेक गॅरेजमध्ये सर्वात नव्या पोराकडे असतं. पगार सर्वात कमी त्याला, धूळ सर्वात जास्त त्याच्या छातीत. जुन्या रंगाची आणि लांबीची भुकटी श्वासाबरोबर आत जाते, आणि तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही. ज्याच्या हातावर सगळं काम उभं आहे त्याला धड मास्क आणि हातमोजे मिळू नयेत, याचा मला मनापासून राग येतो.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात गॅरेजं भरून वाहतात. पूजेला गाडी हवी म्हणून प्रत्येक जण उद्याचा वायदा मागतो, आणि वेळ कापला जातो तो नेमका पुसण्या-सुकवण्यातला. तेव्हा तुमची गाडी रंगाला देणार असाल तर दोन आठवडे आधी द्या. प्रायमर मारण्याआधी एकदा जाऊन उघडा पत्रा पाहा, त्यावर पाणी सोडून दाखवायला सांगा. आणि घासणाऱ्या पोराच्या तोंडावर मास्क नसेल तर मालकाला तिथेच, त्याच्यासमोर, विचारा.