पोरगा कुणाच्या रिटर्नमध्ये?

2025 चा रमजान मार्चमध्ये होता. एका संध्याकाळी इफ्तार आणि मगरीब आटोपून मी टॅक्सची कागदपत्रं घेऊन बसलो. न्यू जर्सीत इतकी वर्षं काढली, त्यामुळे हे काम आता हाताखालचं झालं आहे. बायकोचं आणि माझं जॉइंट रिटर्न भरलं, थोरल्याचं नाव डिपेंडंट म्हणून घातलं आणि ई-फाइल केलं. दुसऱ्या दिवशी रिटर्न परत आलं. कारण दिलं होतं, हा सोशल सिक्युरिटी नंबर दुसऱ्या एका रिटर्नमध्ये आधीच वापरला गेला आहे.

पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी पोराचा नंबर चोरला. फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "अब्बा, मीच भरलं. मागच्या समरला 19 हजार डॉलर कमावले ना मी! मी कशाला कुणाचा डिपेंडंट?"

तो वीस वर्षांचा आहे, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. 'मला कुणीही डिपेंडंट दाखवू शकत नाही' असं त्याने सॉफ्टवेअरला सांगितलं होतं आणि शिक्षणाची करसवलत स्वतःच घेतली होती. 440 डॉलरचा कर माफ झाला, वर हजार डॉलर रोख मिळाले. एकूण 1,440. पैसे त्याच्या खात्यात जमाही झाले होते.

मला राग आला. खरं सांगायचं तर तो पैशाचा नव्हता. वीस वर्षं ज्याला पोसलं तो सरकारला लिहून देतो की मला कुणी पोसत नाही, हे बापाला लागतंच. त्याचं दुखणं वेगळं होतं. 'डिपेंडंट' हा शब्दच त्याला टोचत होता. मराठीत 'आश्रित' म्हणून बघा, तुम्हालाही टोचेल.

पण कायदा आमच्या दोघांच्याही मनाला विचारत नाही. तो साध्या गोष्टी विचारतो. मुलगा वर्षाअखेर चोवीस वर्षांच्या आत आहे का? वर्षातले निदान पाच महिने पूर्णवेळ शिकत होता का? अर्ध्याहून जास्त वर्ष तुमच्या घरी राहिला का? (हॉस्टेलचे महिने घरचेच धरतात.) आणि त्याने स्वतःचा निम्म्याहून जास्त खर्च स्वतः केला का?

पोराची गल्लत या शेवटच्या प्रश्नात झाली. तो कमाई मोजत होता, कायदा खर्च मोजतो. 19 हजारांतले त्याने स्वतःवर सात हजार खर्च केले, बाकीचे बँकेत ठेवले. बँकेतले पैसे या हिशेबात येत नाहीत. स्कॉलरशिपही त्याच्या बाजूला धरत नाहीत. आम्ही फी, राहणं-जेवण, विमा, फोन मिळून 24 हजार भरले होते. म्हणजे निम्म्याच्या जवळपासही तो नव्हता.

आणखी एक गोष्ट पुष्कळ घरांत माहीत नसते. आई-वडिलांनी नाव घातलं नाही, तरी 'मला कुणी डिपेंडंट दाखवू शकतं' हेच मुलाने लिहायचं असतं. प्रश्न 'दाखवलं का' असा नाही, 'दाखवू शकतात का' असा आहे. आर्थिक मदतीच्या फाफ्सा अर्जाचंही तसंच. तिथे डिपेंडंट कोण याचे नियम वेगळे आहेत, टॅक्समध्ये स्वतंत्र झाल्याने तिथे कुणी स्वतंत्र होत नाही.

मग नाव घालावं की नाही? आमचं दोघांचं उत्पन्न 1 लाख 60 हजारांच्या आत आहे. त्यामुळे आम्हाला शिक्षणाची पूर्ण सवलत 2,500 डॉलर आणि डिपेंडंटचे 500, असे तीन हजार मिळतात. आम्ही नाव सोडलं तर पोराला फार तर 1,440 मिळतील. ज्या जोडप्याचं उत्पन्न 1 लाख 80 हजारांच्या वर आहे, त्यांचा हिशेब उलटा होऊ शकतो. त्यांना शिक्षणाची सवलत मिळतच नाही. मुलाचा कर बऱ्यापैकी असेल, तर 500 वर पाणी सोडून ती सवलत त्याला घेऊ द्यावी. प्रत्येक घराने कागद-पेन घेऊन बसावं, एवढंच.

आमच्या घरात तीन हजार ही लहान रक्कम नाही. व्याजाचं कर्ज न काढता पोराचं शिक्षण पुरं करायचं असं आम्ही ठरवलं आहे. तेव्हा प्रत्येक सेमिस्टरला घाम फुटतो.

त्या शनिवारी तो घरी आला. इफ्तारनंतर मी त्याला आमच्या चिपळूणच्या रेशनकार्डाची गोष्ट सांगितली. अब्बा कुवेतला होते. कार्डावर आम्हा सगळ्यांची नावं होती. मुंबईला नोकरी लागली तेव्हा नाव कमी केल्याचा दाखला आणायला मी ऐटीत गेलो आणि परत येताना रडलो. त्या कार्डावर नाव असताना मला कधी लहान वाटलं नव्हतं.

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "पण तुम्ही मला न विचारताच नाव घातलंत ना?"

हे खरं होतं. त्याची कमाई किती, खर्च किती, हे मी विचारलंच नव्हतं. बापाने गृहीत धरलं, म्हणून पोरानेही धरलं.

त्याची अम्मी म्हणाली, "आता दोघंही एका टेबलावर बसा."

बसलो. त्याने दुरुस्तीचा 1040-एक्स फॉर्म भरला आणि 1,440 डॉलर परत केले. चुकीने आलेला पैसा ठेवायचा नाही, यावर वाद झालाच नाही. आम्ही आमचं रिटर्न छापून टपालाने पाठवलं. आणि ठरवलं, परतावा येईल तेव्हा सगळा त्याच्या पुढच्या फीत जाईल. तो पैसा त्याच्या शिकण्यामुळेच येतो आहे.

पुढच्या वर्षी रिटर्न भरण्याआधी मी त्याला फोन करणार आहे. एखाद्या वर्षी तो म्हणेल, "अब्बा, या वेळी निम्म्याहून जास्त खर्च माझा मी केला." त्या दिवशी मी त्याचं नाव आनंदाने काढीन. मग थोडा वेळ गाडीत जाऊन बसेन.