वळण्यापूर्वी

आमच्या मोटारसायकलला चार इंडिकेटर आहेत, आणि पाचवा म्हणजे आमची ही. हे वाक्य तिच्या नजरेस पडू नये अशी माझी इच्छा आहे. पण दिवाळी अंक घरात आला की पहिली घडी तीच मोडते, तेव्हा जे व्हायचे ते होईलच.

गाडी १९९६ सालची, शंभर सीसीची. तेव्हापासून ही मागे बसते. उजवीकडे वळायचे असले की मी इंडिकेटरचे बटण सरकवायचे आणि हिने उजवा हात सरळ बाहेर काढायचा, अशी आमच्या संसारातली कामाची वाटणी आहे. त्या हातात कधी कोथिंबिरीची जुडी असे, कधी छत्री. पण तो निघाल्यावाचून आम्ही कधी वळलो नाही. "तुमच्या दिव्यांवर माझा भरवसा नाही," असे ती म्हणे, आणि ते काही खोटे नव्हते. बॅटरी थकलेली. चौकात गाडी नुसती धुगधुगत उभी असली की दहा-दहा वॅटचे ते बल्ब समईच्या शेवटच्या वातीसारखे दिसत.

गेल्या वर्षी हिचा खांदा आखडला. डॉक्टरांनी त्याला 'फ्रोझन शोल्डर' असे गारेगार नाव सांगितले. हात वर जाणे दूरच, आडवाही होईना. तशात भाद्रपदातल्या एका संध्याकाळी पाऊस नुकता उघडला होता, आणि आमच्या गल्लीशी उजवीकडे वळताना मागचा टेंपो आमच्या उजव्याच अंगाने असा काही निघून गेला, की हिच्या पदरावर त्याचा चिखल उडाला. टेंपोवाल्याचा दोष नव्हता. त्याला दिवा दिसला नाही आणि हात निघाला नव्हता. ही एक शब्द बोलली नाही. खाली उतरली आणि उरलेला रस्ता चालू लागली. मी गाडी ढकलीत मागून. भांडली असती तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाना पेठेत हजर! दुचाकीचा सुटा भाग पुण्यात नाना पेठेत मिळाला नाही, तर तो ब्रह्मदेवाने केलाच नाही असे खुशाल समजावे. दुकानदार म्हणाला, "काका, एलईडी टाका. वॅट-दीड वॅटचा दिवा, पण भरदुपारी दिसेल." त्याने आधी पांढरे दिवे काढले. मी पिवळे मागितले. इंडिकेटरची काच नारिंगी असते. पांढऱ्या एलईडीचा उजेड तीतून फिक्कट होऊन येतो, पिवळ्याचा मात्र चांगला गडद. हा पिवळा एलईडी १९७२ साली जॉर्ज क्रॅफर्ड यांनी अमेरिकेत तयार केला. आमच्याकडे त्या साली दुष्काळ होता आणि मी हातात वाटी घेऊन सुकडीच्या रांगेत उभा होतो. त्या दिव्याची आणि माझी गाठ पडायला एवढी वर्षे लागली.

घरी येऊन चारही बल्ब बदलले, बटण सरकवले. दिवा लखकन लागला. लागला तो लागूनच राहिला. उघडझाप म्हणून नाही!

मग ज्ञान झाले. जुना फ्लॅशर म्हणजे एक तापणारी पट्टी. दोन बल्ब मिळून वीस वॅट, म्हणजे पावणेदोन अँपिअरच्या आसपास वीज तिच्यातून गेली की ती तापते, वाकते, जोड सुटतो. निवली की पुन्हा जुळतो. तीच ती टिकटिक. एलईडीच्या चिमूटभर विजेने तिला साधा घामही फुटत नव्हता. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणाला, दिव्याला समांतर एक रेझिस्टर जोडा, भार वाढेल. दहा ओमचा रेझिस्टर बारा व्होल्टवर चौदा वॅटहून अधिक वीज खातो आणि हाताला चटका देतो. म्हणजे वीज वाचवायला दिवा बदलायचा, आणि वाचलेली वीज जाळायला शेजारी चूल मांडायची! मी ते नाकारले आणि तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आणला. त्याला भाराशी देणेघेणे नसते. तिसरा पाय गाडीच्या सांगाड्याला जोडला, आणि उघडझाप सुरू झाली.

पण चारही दिव्यांची. डावे बटण दाबा की उजवे, चौघे मिळून डोळे मिचकावीत. तसाच पुन्हा पेठेत निघालो, तर वाटेत मागचा रिक्षावाला ओरडला, "काका, एकदा काय ते ठरवा!"

घोटाळा होता मीटरवरच्या एकुलत्या एका खुणेच्या दिव्यात. त्याचे एक टोक डाव्या तारेला, दुसरे उजव्या तारेला. डावी बाजू लावली की थोडी वीज त्या दिव्यातून उजव्या बाजूला उतरते. तेवढ्याने दहा वॅटचा जुना बल्ब जागचा हलत नसे; एलईडी मात्र अल्पसंतुष्ट, लगेच उजळे. उपाय दोन रुपयांचा. दोन्ही तारांना एकेक ४००७ नंबरचा डायोड लावायचा, दोन्ही डायोड दिव्याच्या एका टोकाला आणायचे, दुसरे टोक सांगाड्याला. वीज येईल, परत जाणार नाही.

डायोडला डाग देण्याचे काम मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर रात्री करीत बसे. पहिला जोड उलटा लागला, दुसरा सुटला. त्याच वेळी ही भिंतीकडे तोंड करून बोटे एकेक इंच वर चढवीत असे. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम. जिथे बोटे थांबत तिथे पेन्सिलीची रेघ. बरेच दिवस रेघा कॅलेंडरच्या खालीच होत्या. दात-ओठ खाऊन ती मोजी, आणि मी मान वर करीत नसे. ज्या दिवशी माझी टिकटिक नीट लागली, त्या दिवशी मी घड्याळ लावून मोजली: मिनिटाला ८४. ती ६० ते १२० च्या आत असावी लागते. ही म्हणाली, "आणि माझी रेघ बघा." रेघ कॅलेंडरच्या खिळ्याला लागली होती.

परवा मंडईतून येताना गल्लीशी आलो. बटण सरकवले. उजवे दोन दिवे नारिंगी, स्वच्छ, टेंपोच काय, आगगाडी थांबेल असे. मी ऐटीत आरशात पाहिले. मागे हिचा हात बाहेर. पुरता सरळ नव्हता, कोपराशी थोडा वाकलेला.

"अगं, दिवा चालू आहे!"

"असेल. मला बसल्या जागेवरून दिसतो का तो?"

मागची रिक्षा थांबली होती. दिवा बघून की हात बघून, हे त्या रिक्षावाल्याला विचारावे असे फार मनात होते, पण ही म्हणाली, "वळा आता."