दोरा कापण्याआधी

नाशिक,
कोजागिरीचा दुसरा दिवस

चि. बाळास,


काल तुझा फोन ठेवला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. दीड वर्षाच्या तापलेल्या नातवाला कडेवर घेऊन म्हातारी पाड्यावरून चालत मोखाड्याला तुझ्या दवाखान्यापर्यंत आली, आणि तू तिला चार लोकांत बोललास. वर पोराच्या गळ्यातला भगताचा काळा दोरा कात्रीने कापलास! म्हातारी पोराला उचलून निघून गेली. अरे, दोरा राहिला असता तर काय बिघडलं असतं? पोर तरी तुझ्यासमोर राहिलं असतं.

दहावीच्या परीक्षेपर्यंत तुझी आई मीठ-मोहऱ्यांनी तुझी दृष्ट काढत होती. तिला कधी अडाणी म्हणालास का रे?

दोऱ्याने न्यूमोनिया बरा होत नाही, हे मीही तुझ्याइतकंच ठाम मानते. पण जव्हारची माझी वर्षं आठव. 1992 साली वावर-वांगणीत मुलं दगावली, त्यानंतर गाड्या भरभरून माणसं यायची. सांगणारे पुष्कळ, विचारणारे थोडे. मीही सांगणाऱ्यांतलीच. एका आईवर अशीच ओरडले, "आधी भगताकडे का गेलीस?" चुलीत लाकूड सारत ती म्हणाली, "बाई, भगत रातचा उठून येतो. तुमच्याकडं यायचं तर मजुरी बुडते, गाडीभाडं जातं, नि वर बोलणी खायची." भगताला तिच्या घरातली तीन पिढ्यांची दुखणी पाठ होती. आमच्या केसपेपरवर तिचं नावसुद्धा चुकीचं होतं. त्या दिवसापासून मी आधी विचारते, मग बोलते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हेच केलं. दवाखान्याची भीती का वाटते, असं त्यांनी गोंड माणसांना विचारलं. मोठ्या इमारतीत जीव दडपतो, आपली माणसं बाहेर ठेवतात. आणि पांढऱ्या कापडात आम्ही मेलेल्याला गुंडाळतो, तेच घालून तुम्ही जीव कसा वाचवणार, असं लोक म्हणाले. त्यावर वाद घालत न बसता त्यांनी शोधग्रामला झोपड्यांसारखा दवाखाना बांधला, नातेवाइकांना राहायला जागा दिली आणि दंतेश्वरी मातेचं नाव दिलं.

तू फोनवर कायद्याचं बोललास. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा नीट वाच. साप-विंचू चावलेल्याला उपचारापासून अडवून गंडेदोरे करणाऱ्याला तो गुन्हेगार धरतो. ही म्हातारी तर स्वतःच्या पायांनी तुझ्या दारात आली होती. दोराही बांधला आणि दवाखानाही गाठला. नातवासाठी आणखी काय करायचं तिने? समजुतीमागचं कारण कळल्याशिवाय तिच्याशी भांडू नये, एवढंच मी नोकरीत शिकले आणि मरेपर्यंत सांगत राहणार.

पण हे सगळं राहू दे. मला त्या पोराची काळजी लागली आहे. दिवाळी झाली की पाडा रिकामा होईल, माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातील. मग ते पोर तुला कुठे सापडणार? हे पत्र हातात पडलं की त्याच दिवशी आशाताईंना घेऊन जा. पोराचा श्वास पूर्ण मिनिटभर मोज. 40 किंवा त्याहून जास्त भरला, किंवा छाती आत ओढली जात असेल तर क्षणभर थांबू नकोस. हे तुला मी काय सांगायचं! पण आधी म्हातारीची माफी माग. भगताने काय सांगितलं ते तिला विचार आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नकोस.

पोर कसं आहे ते लगेच फोन करून कळव. कितीही रात्र झाली तरी चालेल.

तुझी,
मावशी