वायव्येचा सूर्य आणि चंदेरीची सावली

वरून टिपलेल्या छायाचित्रात डोंगराची उंची सांगते ती सावली. बदलापूरच्या नैर्ऋत्येला मलंगगड आणि चंदेरीचे उभे कडे आहेत. ऊन डोक्यावर असताना घेतलेल्या छायाचित्रात तेही तपकिरी डागांसारखे सपाट दिसतात. संगणकावर भूभागाचे टेक्स्चर तयार करताना सावली वेगळी चढवावी लागते ती यासाठी. हे काम रंगसफेदीचे नाही. सावली पडली म्हणजे चित्रात एक वेळ आणि एक ऋतू ठरला.

सुरुवात उंचीच्या माहितीपासून होते. इस्रोच्या ‘भुवन’वर कार्टोसॅट उपग्रहाच्या छायाचित्रांवरून तयार केलेला सुमारे ३० मीटर अंतराचा उंचीचा आराखडा मिळतो. तो क्यूजीआयएसमध्ये उघडून हिलशेड काढले की उतारांवरचा उजेड-अंधार करड्या छटांत उमटतो. ही छटा गिंप किंवा फोटोशॉपमध्ये छायाचित्रावर वेगळा लेयर म्हणून ठेवून ‘मल्टिप्लाय’ केली की खालचे रंग टिकतात आणि उतार उठून दिसतात.

खरी गोम सूर्य कुठे ठेवायचा यात आहे. बहुतेक सॉफ्टवेअर आपणहून वायव्येला, ३१५ अंशांवर आणि ४५ अंश उंचीवर सूर्य मांडतात. नकाशाशास्त्राचा हा जुना संकेत आहे: उजेड वरच्या बाजूने आला तरच डोळ्याला टेकडी टेकडीसारखी दिसते, नाहीतर दरी फुगलेली आणि कडा खचलेला भासतो. पण उत्तर अक्षांश १९.२ च्या आसपास वसलेल्या अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या तीन शहरांवर असा सूर्य कधीच येत नाही. जूनमध्ये तो दुपारी जरासा उत्तरेला कलतो, तेही जवळजवळ डोक्यावर असताना. सेंटिनेल-२ सारखा उपग्रह स्थानिक सौरवेळेनुसार साडेदहाच्या सुमाराला इथून जातो; डिसेंबरअखेर त्या वेळी सूर्य आग्नेय-दक्षिणेला सुमारे ४२ अंशांवर असतो. म्हणजे छायाचित्रात आधीच असलेली सावली वायव्येकडे आणि संगणकाने घातलेली आग्नेयेकडे. एकाच चित्रात दोन सूर्य उगवतात आणि पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी काहीतरी खटकते. वाचायच्या नकाशाला वायव्येचा सूर्य शोभतो, वास्तव दाखवायच्या चित्राला नाही.

यावर उत्तम तोड म्हणजे मुळातच कमी सावलीचे छायाचित्र निवडणे. इथे मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो. जुलैचा दिवस ढगांखाली जातो. मेचा हाती लागतो. त्या सुमारास सकाळी साडेदहालाही सावली वस्तूच्या उंचीच्या चार-दशांशाएवढीच असते. अशा पाटीवर हवी ती सावली चढवता येते, फक्त जमीन उन्हाळ्याची, वाळल्या गवताची आहे हे विसरून चालत नाही. भातखाचरे हिरवीगार ठेवून त्यांवर डिसेंबरची लांब सावली टाकली तर चित्र खोटे पडते.

उंचीच्या आराखड्याला इमारती मात्र दिसत नाहीत. १०६० साली बांधलेले अंबरनाथचे शिवमंदिर त्याच्या दोन-चार चौकोनांत मावून जाते. त्याची सावली हातानेच काढावी लागते, आणि तिथे कसोटी लागते, कारण दगड काळा बेसाल्ट. काळ्यावर काळी सावली टाकली की मंडपाचे कोन-कोपरे नाहीसे होतात. खऱ्या सावलीत आकाशाचा निळसर उजेड शिरलेला असतो. म्हणून रंग गडद निळसर घ्यावा, ओपॅसिटी निम्म्याच्या आसपास ठेवावी आणि दगडावर ती आणखी उतरवावी.

उल्हासनगरचा प्रश्न निराळा. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. बैठ्या, लांबट बराकींची सावली तोकडी होती. त्यांच्या जागी मजल्यांवर मजले चढले तशी गल्लीच सावलीत गेली. हिशेब सोपा आहे: सूर्य ४५ अंशांवर असेल तर १२ मीटर उंच इमारतीची सावली १२ मीटर; अर्ध्या मीटरला एक पिक्सेल असेल तर २४ पिक्सेल. नवशिका इमारतीचा आकार कापून तो २४ पिक्सेल सरकवतो. इमारत अरुंद असली की भिंत आणि सावली यांच्यात उन्हाची फट राहते. आकार पायथ्यापासून शेवटापर्यंत सलग ओढायला हवा. गिंपमधला ‘लाँग शॅडो’ फिल्टर हेच करतो. कड पायाशी धारदार आणि टोकाशी मऊ ठेवावी. सूर्याची तबकडी अर्ध्या अंशाची असल्याने १०० मीटर दूर पडलेल्या सावलीची कड सुमारे एक मीटर विरते.

संध्याकाळी सूर्य १० अंशांवर आला की २०० मीटरच्या कड्याची सावली सपाटीवर किलोमीटरभर पसरते. चंदेरीची अशी सावली पूर्वेच्या वाड्यांवर टाकण्याचा मोह होतो, आणि स्थिर चित्रात ती सुरेखच दिसते. पण टेक्स्चर त्रिमितीय भूभागावर गुंडाळायचे असेल आणि प्रणाली स्वतःच सूर्य फिरवणार असेल, तर लांब सावल्या चित्रात कोरू नयेत. त्या दुहेरी पडतील. तिथे घळी, ओढ्यांच्या खाचा आणि झाडांच्या बुंध्यांशी, जिथे आकाशाचा उजेडच कमी पोचतो, तेवढाच मंद काळोख भरावा आणि बाकीचे सूर्यावर सोपवावे.