पत्त्याचा रकाना

मुंबईतल्या एका खासगी कंपनीत मी अनेक वर्षं एचआर सांभाळलं. नेमणुका, बदल्या, पगारवाढी सगळं माझ्याच हातून व्हायचं. त्या काळात माझ्याकडून दोन चुका झाल्या आणि त्यांची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

पहिली चूक नागपूरच्या एका सहकाऱ्याच्या बाबतीत झाली. त्याला बढती देऊन मी मुंबईला आणलं. पगारात चांगली वाढ मी स्वतः भांडून मंजूर करून घेतली होती, त्यामुळे आपण त्याचं भलंच केलं अशी माझी खात्री होती. नागपुरात मनीषनगरला तो १४ हजार भाड्याच्या टू बीएचकेमध्ये राहायचा. आईवडील सोबत, बायको शाळेत शिक्षिका. आमचं ऑफिस लोअर परळला. तिथे तेवढ्याच घराचं भाडं त्याच्या हातात पडणाऱ्या नव्या पगाराहून जास्त; डिपॉझिट आणि दलाली वेगळीच. शेवटी त्याने बदलापूरला भाड्याने घर घेतलं.

वर्षाच्या आत तो राजीनामा घेऊन समोर आला. मी नेहमीचं वाक्य ऐकवलं, मुंबईत सगळेच ॲडजस्ट करतात. त्याने वहीचं एक पान माझ्यापुढे सरकवलं. भाडं, रेल्वेचा पास, रिक्षा, आणि जागेअभावी नागपुरातच राहिलेल्या आईवडिलांच्या घराचं भाडं. बायकोची नोकरी सुटली होती. तिचा पगार असायचा त्या ओळीपुढे शून्य. “मॅडम, बेरीज तुम्हीच करून बघा,” तो म्हणाला. मी केली. बढती घेतल्यापासून तो दरमहा कर्जात जात होता.

हे पान बदलीच्या आधी मी लिहायला हवं होतं. केंद्र सरकारच्या नियमात घरभाडे भत्ता मुंबई-पुण्याला मूळ वेतनाच्या ३० टक्के, नागपूर-नाशिकला २० टक्के. आमच्या कंपनीचा हिशेबही याच धर्तीवर चालायचा. भत्त्यात फरक दहा टक्क्यांचा, भाड्यात कित्येक पटींचा. हे कोष्टक रोज माझ्या डोळ्यांसमोर असायचं, आणि मी ते न्याय्य मानत होते.

दुसरी चूक जास्त गंभीर, कारण ती वर्षानुवर्षं चालली. अर्जांचा ढीग उपसताना मी आधी पत्ता बघायचे. विरार, कसारा, बदलापूरच्या पुढचे अर्ज बाजूला पडायचे. इतक्या लांबून येणारी मुलं उशिरा येतात, टिकत नाहीत, असं मी धरूनच चालले होते. त्यांची गुणपत्रिका मी कित्येकदा उघडलीसुद्धा नाही.

ही चूक मला उमगली ती आमच्या ऑफिसच्या जागेमुळे. तिथे पूर्वी कापडगिरणी होती. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींचा साधारण एक तृतीयांश वाटा घरांसाठी होता. २००१ च्या दुरुस्तीने हा वाटा फक्त मोकळ्या जमिनीपुरता उरला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. आता गिरणी कामगारांच्या वारसांना सरकार शेलू आणि वांगणीला घरं देऊ करतं. दोन्ही ठिकाणं बदलापूरच्या पुढे, कर्जतच्या वाटेवर. मुंबईतच घर द्या म्हणून जुलै २०२५ मध्ये हे लोक आझाद मैदानात जमले. ती बातमी वाचताना मला माझी पत्त्याची चाळणी आठवली. ज्या गिरणीच्या जमिनीवर माझी खुर्ची होती, तिथल्या कामगाराचा नातू वांगणीला राहायला गेला असता, तर केवळ त्या पत्त्यापायी मी त्याचा अर्ज बाजूला टाकला असता. कदाचित टाकलाही असेल. मी ते अर्ज ठेवले नाहीत, त्यामुळे आता शोधताही येणार नाही.

निवृत्त होण्यापूर्वी मी अर्जातून पत्त्याचा रकाना काढायला लावला. निवड झाल्यावरच पत्ता विचारायचा. पण उशीर झालाच होता. तो नागपूरचा सहकारी तर आधीच परत गेला होता, कमी पगाराच्या नोकरीवर.

आज जे माझ्या जागी बसले आहेत त्यांना कळकळीची विनंती आहे. कुणाला शहर बदलायला सांगण्याआधी त्या शहरातलं भाडं, डिपॉझिट आणि जोडीदाराची सुटणारी नोकरी कागदावर मांडा, आणि तो कागद त्या माणसाला दाखवा. आणि अर्ज वाचताना पत्ता सगळ्यात शेवटी वाचा.