सीटखालचा भोई

कावासाकी निन्जा ३००च्या सीटखाली, इंजिन आणि मागचं चाक यांच्यामधल्या सांदीत तो उभा असतो. बाहेरून जाड स्प्रिंग, आत तेलाची नळी. इंग्रजीत त्याला मोनोशॉक म्हणतात, गॅरेजमध्ये तो शॉकअप. टाकीचा रंग आणि इंजिनाचा आवाज यांवर गाडी विकली जाते, म्हणून शोरूममध्ये त्याची ओळख कुणी करून देत नाही. पण गाडीवर बसल्या क्षणी तुमचं खरं वजन सगळ्यात आधी त्यालाच कळतं.

त्याचं घराणं शर्यतीतलं. पूर्वी मोटरसायकलला मागे दोन शॉकअप असत, चाकाच्या दोन बाजूंना एकेक. ल्युसिएँ टिल्केन्स या बेल्जियन अभियंत्याने दोघांचं काम एकाकडे सोपवण्याची रचना केली. यामाहाने ती घेतली आणि १९७३ साली हाकन अँडरसनने तशा गाडीवर मोटोक्रॉसचं २५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं. मातीत उड्या मारणाऱ्या गाडीसाठी आलेला हा एकांडा शॉकअप पुढे रस्त्यावरच्या स्पोर्ट बाइकमध्ये स्थिरावला. पुण्याजवळच्या चाकणला जुळणी होणाऱ्या या निन्जातही तोच वंश नांदतो.

त्याच्या अंगात दोन स्वभाव एकत्र राहतात. स्प्रिंग दाबली जाते आणि घेतलेलं सगळं परत देते. तिच्या एकटीच्या हाती कारभार दिला तर एका खड्ड्यानंतर गाडी कितीतरी वेळ वरखाली होत राहील. म्हणून सोबत तेल असतं. बारीक भोकांतून आणि पातळ पोलादी चकत्यांच्या आडून ते वाट काढतं, उसळीतली ताकद स्वतःत जिरवतं आणि त्यापायी तापतं. तापून त्याला फेस येऊ नये म्हणून नायट्रोजन वायूचा दाब असतो. पालखीचा भोई गुडघ्यात वाकून खाचखळगे आपल्या पायांवर घेतो आणि वरची पालखी हलू देत नाही. शॉकअपचं सगळं शहाणपण त्याच वाकण्यात आहे.

पण किती वाकायचं याचा हिशोब कारखान्यात आधीच ठरलेला असतो, कुणातरी मध्यम अंगाच्या स्वाराला समोर धरून. गाडीवर सहा फूट दोन इंच उंचीचा, ९८ किलोचा माणूस बसला की तो हिशोब मोडतो. हेल्मेट, जॅकेट, बूट आणि पाठीवरची बॅग धरली तर भार १०५ किलोच्या पुढे जातो. शॉकअप उभा राहण्याऐवजी बसकण मारतो. मागची बाजू खाली गेली की पुढची उचलली जाते. पुढचा फोर्क जास्त कलतो, हँडल जड लागतं, आणि घाटातल्या वळणावर गाडी आतली रेघ सोडून बाहेर जाऊ पाहते. हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मोठ्या खड्ड्यात शॉकअप तळाला टेकतो आणि धक्का थेट मणक्यात पोहोचतो. स्वार म्हणतो, गाडीच अशी आहे. खरं तर त्याच्या मापाची ती कुणी केलेलीच नसते.

जाणता मेकॅनिक म्हणूनच पान्याआधी टेप हातात घेतो.

“काका, सरळ शेवटच्या खाचेवर टाइट करून टाका ना.”

“करू, पण आधी मोजू. दादा, जॅकेट घाला, बॅग पाठीवर घ्या. रोज चालवता तसेच बसा.”

आधी गाडीची मागची बाजू उचलून चाक अधांतरी सोडायचं. आसापासून थेट वर शेपटीवरच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजायचं. मग स्वार दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून बसतो, एक जण गाडी सावरतो, आणि तेच अंतर पुन्हा मोजतात. दोहोंतला फरक म्हणजे सॅग, गाडी किती बसली त्याचं माप. निन्जा ३००चं मागचं चाक एकूण १३२ मिलिमीटर वरखाली होऊ शकतं. त्यातले साधारण ३५ मिलिमीटर स्वाराच्या वजनाने जावेत, बाकीचे खड्ड्यांसाठी शिल्लक राहावेत. आपल्या स्वाराचे ५४ गेले. स्प्रिंगची कडी हुक पान्याने पाचव्या, शेवटच्या खाचेवर नेली, तरी ४३. स्वार उतरल्यावर नुसत्या गाडीच्या वजनाने मागची बाजू जेमतेम २ मिलिमीटर बसली.

“स्प्रिंगच हलकी पडतेय, दादा. हिला आणखी आवळून उपयोग नाही.”

हा निवाडा समजून घेण्यासारखा आहे. कडी आवळल्याने, म्हणजे प्रीलोड वाढवल्याने, स्प्रिंग कडक होत नाही. ती फक्त गाडीला वर उचलते. एक मिलिमीटर दबायला तिला आधी जेवढा भार लागायचा, तेवढाच पुढेही लागतो. उलट फार आवळलं तर चाकाला खाली उतरायला वाव उरत नाही. मग खड्डा आला की चाक त्यात उतरण्याऐवजी वरून उडतं, आणि हवेतल्या चाकाला ना पकड असते ना ब्रेक. भारी स्वाराला जास्त ताकदीची स्प्रिंगच हवी. आणि ताकदवान स्प्रिंग जोराने उसळते, तेव्हा तिला आवरणारं तेलाचं काम, म्हणजे रिबाउंड डॅम्पिंगही त्याच मापाने वाढवावं लागतं. महागड्या गाड्यांत त्यासाठी स्क्रू असतो. निन्जा ३००च्या शॉकअपला तो नाही, म्हणून आतल्या चकत्या बदलायच्या किंवा शॉकअपच आपल्या वजनाचा घ्यायचा.

उंचीची मागणी वेगळी. उंच स्वार सीटवर मागे सरकून बसतो, त्यामुळे मागच्या चाकावरचा भार आणखी वाढतो. त्याचा धड-डोक्याचा भार जमिनीपासून उंच असतो, म्हणून ब्रेक मारताच वजन झपकन पुढे येतं आणि फोर्क बुडी मारतो. मागचं दुरुस्त करून पुढचं तसंच सोडलं तर गाडी नाकावर येते. फोर्कच्या स्प्रिंगा आणि तेलही बरोबरीने पाहावं लागतं.

शर्यतीच्या जगात गाडी स्वाराच्या मापाने जुळवण्यावर वाद होत नाही. २०११च्या मोटोजीपी हंगामात होंडाची आरसी२१२व्ही एकाच वेळी दोन टोकांची माणसं चालवत होती. डानी पेड्रोसा जेमतेम १६० सेंटिमीटर उंच, तर मार्को सिमोन्चेली १८३. त्या पातळीवर प्रत्येक स्वारासाठी स्प्रिंगपासून तेलापर्यंत सगळं वेगळं जुळवतात. शरीराला गाडीच्या मापात बसवायला कुणी सांगत नाही.

तेव्हा उंच, भरदार अंगाच्या प्रत्येक स्वाराला माझं सांगणं आहे: नव्या सायलेन्सरवर पैसे घालण्याआधी सॅग मोजून घ्या. वजन सांगताना बूट-जॅकेटसकट खरं सांगा. मूळ खाच कुठली होती ते वहीत लिहून ठेवा, एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि मागची उंची बदलली की चेनचा ढिलेपणा व हेडलाइटचा झोत दोन्ही तपासा. हे माप घ्यायला एक टेप आणि दोन मित्र पुरतात.